मळ्यात घर बांधायचंय: गोठा अन् घर एकाच शेडमधे घ्यावं का वेगळं बांधावं?

घोडकाठचा_गडी
राम राम मंडळी. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. गावठाणातलं जुनं घर चुलत्यांत अन् आमच्यात सामाईक होतं, वाटणीत आम्हाला दीड खोली अन् अर्धा सोपा आला. तिथं आम्ही सहा जण राहतो, आईवडील, मी, मिसेस अन् दोन पोरं. जनावरं सगळी मळ्यात, आठ एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाया, दोन कालवडी आणि वडलांची हौस म्हणून एक खिलार खोंड. मळा गावापासून अडीच किलोमीटर. म्हणजे पहाटे चारला उठून गाडी काढायची, धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, घरी यायचं, परत दुपारी वैरणीला, परत संध्याकाळी धारेला. पेट्रोलच किती जातंय ते मी आता मोजायचं सोडून दिलंय.

त्यात बिबट्या. आमच्याकडं ऊसच ऊस, त्यामुळं जुन्नर-आंबेगावसारखंच आमच्या भागातही आता बिबट्याचं नवल राहिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरून दोन शेळ्या नेल्या. तेव्हापासून वडील रात्री मळ्यात गोठ्याशेजारी खाट टाकून झोपतात, उशाला बॅटरी अन् फटाके. वय अडुसष्ट. नको म्हणलं तर म्हणतात गाया तिकडं अन् मी इकडं, झोप लागत नाय.

तर ठरलं की मळ्यातच राहायला जायचं. आता प्रश्न असाय. एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो ४० बाय ८० ची एकच शेड मारू, निम्म्यात घर (दोन बेडरूम, हॉल, किचन, संडास-बाथरूम सगळं), निम्म्यात गोठा, ट्रॅक्टर, पेंडीची खोली, कडेला कांद्याची चाळ. मधे भिंत अन् भिंतीला दार. सगळं मिळून १९ लाख सांगितलेत. दुसरीकडं गवंड्याकडून स्लॅबचं हजार फुटाचं साधं घर १८ लाख अन् गोठा वेगळा काढला तर साडेपाच लाख, म्हणजे साडेतेवीस. साडेचार लाखाचा फरक आहे अन् आमच्याकडं साडेचार लाख काय झाडाला लागलेले नाहीत.

वडील एका शेडच्या बाजूनं, म्हणतात आमचा जन्म गोठ्यात गेला, सोप्यात अलीकडं आम्ही अन् पलीकडं बैल, मधे नुसती एक दांडी होती, काय वाईट झालं. मिसेस म्हणते मी गोठ्यात नांदायला आले नाही. आई काहीच बोलत नाही, आणि ते जास्त अवघड आहे.

कुणी असं एकत्र बांधलंय का? खरं खरं सांगा.


सोप्यावरची_सून
दादा, मी राहतेय अशा घरात, सात वर्षं झाली. आमचं इंदापूरकडं. शेड ३० बाय ७०, अर्धं घर, अर्धा गोठा, बारा जनावरं. यूट्यूबवर बघून सासऱ्यांनी अन् यांनी ठरवलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारताय हेच खूप आहे.

चांगलं आधी सांगते. गाय रात्री व्यायला झाली की आवाजावरनं कळतं, चपला घालून बाहेर जायला लागत नाही. पावसाळ्यात धारेला जाताना भिजत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं बरंय की.

आता वाईट. माशा. तुम्ही म्हणाल जाळी मारू, आम्ही पण मारली, पण दार दिवसातनं पन्नास वेळा उघडतं हो. आमच्याकडं चहाचा कप कधी उघडा ठेवत नाही, वर बशी. पाहुणे आले की मी आधी पंखा लावते मग पाणी देते. वासाचं म्हणाल तर आपल्याला कळत नाही, आपलं नाक मरतं, पण मोठ्या लेकीला शाळेत कुणीतरी म्हणलं तुझ्या दप्तराला शेणाचा वास येतो, त्या दिवसापासनं ती युनिफॉर्म माझ्या माहेरून आणलेल्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवते. पत्र्यावर पाऊस लागला की फोनवरचं ऐकू येत नाही, पोरांचा अभ्यास बंद. आणि भिंत आमची दहा फुटापर्यंतच आहे, वरती नुसता पत्रा अन् पाइप, तिथनं गोठ्यातलं सगळं हवेनं येतं. ते बांधतानाच कुणी सांगितलं नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते मधलं दार. दार किचनमधनं गोठ्यात उघडतं. सगळे म्हणाले किती सोयीचं. सोयीचं कुणाला? दार आहे म्हणून दुपारी पडले तरी हाक येते, जरा पाणी दाखव, जरा पेंड भिजव, वासरू सुटलंय बघ. आधी गोठा लांब होता तेव्हा गोठ्यातनं आलं की काम संपायचं. आता संपतच नाही. घरात असले तरी मी गोठ्यातच असते. वहिनी जे म्हणतायत ते वासाबद्दल नसेल फक्त, विचारून बघा.


पत्रा_आणि_पर्लिन
माझा धंदाच शेडचा आहे, बारामती-दौंड भागात, त्यामुळं मी पत्र्याच्या विरोधात बोलणार नाही 😄 पण १९ लाखात काय काय धरलंय ते आधी लिहून घ्या. शेड स्वस्त असते ती शेड म्हणून. त्यात एकदा ब्लॉकच्या भिंती, प्लास्टर, फरशी, खिडक्या, संडासची टाकी, वायरिंग, सीलिंग घातलं की फुटाचा भाव साध्या घराच्या शेजारी जाऊन बसतो. वाचतं काय तर स्लॅब अन् बीमचं स्टील-सिमेंट, आणि वेळ. घराच्या बाकीच्या गोष्टींना तेवढाच पैसा लागतो, मग वर पत्रा असो नाहीतर स्लॅब. गिऱ्हाईकाला हे काम निम्मं झाल्यावर कळतं.

आता टेक्निकल. गाईला मोकळी हवा पाहिजे म्हणून गोठा दोन-तीन बाजूनं उघडा ठेवावा लागतो, घर मात्र चारी बाजूनं बंद. दोन्ही एकाच पत्र्याखाली घेतलं की वादळात वारा गोठ्यातनं आत घुसतो अन् बाहेर पडायला जागा नसली की पत्रा खालून उचलतो, म्हणजे गोठ्यामुळं घराचं छप्पर जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात शिरलं अन् पार जुन्नर-आंबेगावपर्यंत पॉलिहाऊस अन् पत्रे उडवत आलं, त्यानंतर मी दोन महिने दुसरं काम केलं नाही, नुसती दुरुस्ती. एकत्रच करायचं असेल तर मधली भिंत पत्र्याला टेकेपर्यंत पूर्ण न्या, वरच्या ताईंकडं झालंय तसं ट्रस (पत्र्याखालचा लोखंडी सांगाडा) उघडा ठेवू नका. अमोनिया हलका असतो, तो वरच चढतो अन् वरच्या फटीतनंच तुमच्या बेडरूममधे उतरतो.

दुसरं म्हणजे गंज. शेण-मूत अन् ओल यांनी लोखंड खालून खातं. गोठ्यातला कॉलम फरशीपासनंच चालू केला तर काही वर्षात बुंध्याला पापुद्रे सुटतात. काँक्रीटचं पेडेस्टल (कॉलमखालचा चौथरा) वर काढा अन् बेसप्लेट त्याच्यावर बसवा. घराचा भार त्याच कॉलमवर असेल तर विचार करा, गोठ्याचा कॉलम बदलायला घरातलं सामान बाहेर काढायचं का?

तिसरं ऊन. नुसता पत्रा शिरूरच्या मे महिन्यात म्हणजे तवा. घरावर ५० एमएमचा पफ पॅनल (मधे फोम भरलेला पत्रा) घ्या, फॉइलवाली बबलशीट स्वस्त पडते पण तिच्यावर विसंबून झोपता येत नाही. जमीन काळी असेल तर खड्डे मुरूम लागेपर्यंत न्या, काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉकच्या भिंतीला तिरक्या चिरा पडतात.


औसेकर
मी लातूर जिल्ह्यातला, किल्लारीपासून फार लांब नाही. तुमच्या वडलांचं बोलणं वाचून लिहावंसं वाटलं.

आमचा जुना वाडा तसाच होता. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर), दारातनं आत आलं की एका हाताला बैल अन् एका हाताला माणसं. उन्हाळ्यात इतकं गार की आता एसीत पण ती झोप नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पहाटे चारच्या सुमाराला तेच माळवद अन् त्याच भिंती अंगावर आल्या. मी तेव्हा चौथीत होतो. जास्त सांगत नाही.

पुढचं सांगायचं होतं. पुनर्वसनात नवीन गावं बसली, जमिनीच्या हिशोबानं अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे फुटाची घरं मिळाली. पक्की, सरळ रेषेत, रस्ते रुंद, कॉलनीसारखी. पण शेतकऱ्याच्या घराला लागतो तो गोठा, कडब्याची जागा, अंगण, त्याचा विचारच कमी. मग लोकांनी काय केलं, समोर पत्र्याचं शेड मारलं, त्यात म्हैस बांधली, चूल पण तिथंच मांडली अन् दिवसभर सगळे त्या शेडमधेच. कितीतरी जण आत स्लॅबखाली झोपायला भीत होते, वर्षानुवर्षं. आमची आजी मरेपर्यंत पत्र्याखालीच झोपली. ती म्हणायची पत्रा पडला तर खोक पडंल, माणूस राहील.

म्हणून मला एकत्र-वेगळं यापेक्षा असं वाटतं की वेगळं बांधा पण घर बांधून मग गोठा कुठंतरी कोपऱ्यात असं करू नका. आधी जनावरं, वैरण, ट्रॅक्टर कुठनं वळणार, हे जमिनीवर फक्की (पांढरी भुकटी) मारून आखा, अन् उरलेल्या जागेत घर बसवा. उलटं केलं की दोन वर्षात घरासमोर पत्रे उभे राहतात, हे आम्ही गावंच्या गावं बघितलंय.


ऑस्टिनकर
मी मूळचा सातारा, आता टेक्सासमधे ऑस्टिनच्या बाहेर. इथं याच प्रकाराचं भयंकर खूळ आहे, बार्नडोमिनियम म्हणतात, म्हणजे बार्न अधिक कॉन्डोमिनियम. हा शब्द १९८९ मधे तिकडं कनेक्टिकटच्या एका डेव्हलपरनं काढला, घोडेवाल्या लोकांसाठी, घोड्याजवळ राहता यावं म्हणून. पुढं तो टेक्सासात आला अन् टीव्हीवरच्या घर-दुरुस्तीच्या कार्यक्रमांनी डोक्यावर घेतला. आम्ही पण २०२१ मधे बांधलं. लोखंडी सांगाडा, काँक्रीटचा स्लॅब, अठराशे फूट घर अन् बाराशे फूट ज्याला इथं शॉप म्हणतात ते.

पण गंमत सांगतो, नाव बार्न असलं तरी आत जनावर नाही. माझ्या ओळखीत जेवढी अशी घरं आहेत त्यात शॉपमधे ट्रॅक्टर, बोट, वेल्डिंगचं सामान, जुनी गाडी. आमच्या सहा शेळ्या आहेत त्या दीडशे फुटावर वेगळ्या छपरात. शेजारच्या म्हाताऱ्या रँचवाल्याला मी विचारलं होतं शेळ्या शॉपमधे ठेवल्या तर, तो हसला अन् म्हणाला ठेव की, मग तू कुठं राहणार?

पैशाचं पत्रा-पर्लिन भाऊंनी सांगितलं ते इथं पण तंतोतंत. सांगाडा अन् पत्रा पंधरा दिवसात उभा, बघून छाती फुगते, अन् मग आतल्या कामात दहा महिने अन् सगळे पैसे. एका बँकेनं कर्जच नाकारलं कारण आसपास तसं घर विकलं गेलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्या व्हॅल्युअरला किंमत कशाशी ताडायची ते कळेना. तुमच्याकडं शेतजमिनीवर होमलोनचा प्रश्न वेगळा आहे पण बँकेत आत्ताच जाऊन या, शेड उभी केल्यावर नको.

अजून एक, ट्रॅक्टर. इथं गाडी ठेवायची जागा अन् राहायची जागा यांच्यातल्या भिंतीला जिप्समचा बोर्ड लावायलाच लागतो, आगीसाठी. धूर घरात यायचा धोका वेगळाच. थंडीत सकाळी सकाळी ट्रॅक्टर चालू करून आत घरघरत ठेवायची सवय आपल्याकडं असतेच.


जनावरांचा_डॉक्टर
व्हेटर्नरी आहे, पुणे जिल्ह्यातच प्रॅक्टिस. मला घराचं कळत नाही, गाईचं सांगतो.

एचएफ थंड प्रदेशातली गाय. २५ डिग्रीच्या पुढं तिला त्रास व्हायला लागतो, मग खाणं कमी, दूध कमी, माजावर येत नाही. घराला चिकटवून गोठा केला की एक अख्खी बाजू बंद होते, बहुतेक वेळा वाऱ्याचीच, अन् मग पंखे अन् फॉगरवर खर्च. एका गाईला सावलीत साधारण ४० चौरस फूट अन् मोकळ्यात ८० चौरस फूट धरा, तुमची अकरा जनावरं म्हणजे साडेचारशे फूट छप्पर अन् नऊशे फूट मोकळं आवार. मुक्तसंचार (गाया न बांधता आवारात मोकळ्या) करणार असाल तर एवढी महागडी शेड लागतच नाही. अन् वडलांच्या खोंडाला वेगळा कप्पा लागेल, तो गाईत सोडू नका.

बिबट्या सहसा मोठ्या गाईवर जात नाही, वासरू, शेळी, कुत्रं उचलतो. तो जाळी चढून येतो, म्हणून नुसतं कंपाऊंड पुरत नाही, रात्री वासरांना वरून पण बंद असलेली खोली पाहिजे. दहा बाय दहाची पक्की खोली केली तरी वडलांची निम्मी काळजी जाईल. यासाठी सगळं घर गोठ्याला चिकटवायची गरज नाही.

आजारांचं थोडक्यात. ब्रुसेला गाईतनं माणसात येतो, गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) गाईचा जार-पाणी उघड्या हातानं काढणं अन् कच्चं दूध, ही मुख्य दोन कारणं. कालवडींना चार ते आठ महिन्यात एकदाच लस द्यायची असते, द्या. लेप्टो उंदरांच्या अन् जनावरांच्या मुतातनं. पेंड असली की उंदीर येणार, उंदीर आला की मागनं साप येणार, अन् मण्यार रात्री अंथरुणात येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गोचिडाची औषधं फवारायची ती विषारी असतात, किचनच्या भिंतीपलीकडं फवारणार का? आणि ओलसर घास किंवा वैरण दाबून रचली तर आतनं तापून आपोआप पेटते, म्हणून वैरणीची गंजी घरापासनं लांबच.

तरी एकत्र केलं तर जग बुडेल असं नाही. आपले आजे-पणजे राहिले. पण त्यांच्याकडं दोन बैल अन् एक म्हैस होती, अकरा जनावरं नव्हती. एक एचएफ दिवसाला वीस किलोच्या वर शेण टाकते, हिशोब करा.


वास्तू_अभ्यासक
गोठा नेहमी वायव्येला असावा. बाकी चर्चा व्यर्थ आहे.


पत्रा_आणि_पर्लिन
@वास्तू_अभ्यासक साहेब, वायव्येला गोठा म्हणजे पावसाळ्यात पश्चिमेचा सगळा वारा गोठ्यावरनं घरात. माझ्या एका गिऱ्हाईकानं केलाय, श्रावणात त्यांच्याकडं पूजेला बसलो होतो, उदबत्तीचा वास शोधायला लागत होता.


घोडकाठचा_गडी
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @सोप्यावरची_सून ताई, तुमचं मी मिसेसला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, मोबाइल माझ्या हातातनं घेतला अन् परत स्वतः वाचला. खाली तिनं लिहिलंय ते तसंच ठेवतोय.

मी यांची मिसेस बोलतेय. ताई तुम्ही बरोबर ओळखलं. वासाचं मी पुढं करत होते कारण ते सांगता येतं. माझ्या माहेरी पण गाया आहेत, मला शेणाची घाण वाटत नाही, पहाटेची धार मीच काढते. पण मला संध्याकाळी साडेसातनंतर कुणी गोठ्यातनं हाक मारू नये एवढंच पाहिजे. गावात राहतो म्हणून आत्ता ते मिळतंय, अडीच किलोमीटरमुळं. मळ्यात गेलो की तेच जाणार याची भीती वाटत होती. मामंजींना हे कसं सांगायचं ते कळत नव्हतं. अजून एक विचारायचं होतं, तुमच्याकडं ते दार आता बंद करता येत नाही का?


सोप्यावरची_सून
वहिनी, केलं की बंद. दोन वर्षं झाली, मी त्याच्यापुढं फ्रिज ठेवलाय 😀 यांनी विचारलं इथं का ठेवला, म्हणलं इथंच प्लग आहे. आता गोठ्यात जायला बाहेरनं फेरा मारावा लागतो, साठ-सत्तर पावलं. हाक मारणाऱ्याला पण तेवढीच पडतात, त्यामुळं हाका आपोआप कमी झाल्या.

तुम्ही नवीन बांधताय तर एक मोरी नक्की करून घ्या, गोठ्याकडनं येताना घराच्या बाहेर. नळ, हात-पाय धुवायला कट्टा, गमबूट ठेवायला फळी, गोठ्याचे कपडे अडकवायला खुंट्या. गोठ्याचा कपडा घरात यायलाच नको. आमच्याकडं ती नंतर केली, उतार उलटा झाला, पाणी दारात येतं.


तलाठ्याचा_शेजारी
कागदपत्राचं कुणी बोललं नाही म्हणून. जमीन महसूल अधिनियम १९६६ मधे शेतीवरच्या इमारतीची व्याख्या आहे, त्यात अवजारं, खत, वैरण, शेतमाल ठेवणं, जनावरं बांधणं अन् शेतकऱ्याच्या घरच्यांनी किंवा गड्यांनी राहणं, हे सगळं बसतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचं घर अन् गोठा दोन्ही शेतघरच, एका छपराखाली असो की दोन. पण शहराजवळच्या अन् काही ठराविक भागात बांधायच्या आधी परवानगी लागते अन् क्षेत्रावर मर्यादा असते, तुमचा गट कशात येतो ते तलाठी अन् ग्रामपंचायतीकडं बघून घ्या. घर झालं की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांच्या नोंदवहीत) नोंद लावून घ्या, लोक विसरतात अन् मग घरगुती मीटरसाठी हेलपाटे.

आणि रोजगार हमीतनं गोठ्याला अनुदान असतं, २०२१ च्या योजनेत दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये होते, गव्हाण अन् मूत्रटाकीसकट. गोठा वेगळा असेल तर प्रस्ताव करणं सोपं. घराच्या पोटातला गोठा दाखवायला गेलात तर मोजमाप घ्यायला येणारा माणूस पहिल्याच दिवशी डोकं खाजवेल.


घोडकाठचा_गडी
पंधरा दिवसांनी लिहितोय, कांदा काढणी चालू होती.

काय काय झालं ते सांगतो. पहिलं म्हणजे औसेकर भाऊंनी सांगितल्यासारखं फक्की घेऊन मळ्यात गेलो, वडलांना घेऊन. ट्रॅक्टर-ट्रॉली वळवून बघितली, जिथं घराचा हॉल येणार होता तिथनंच ट्रॉली वळती. म्हणजे त्या ४० बाय ८० च्या ड्रॉइंगमधे ट्रॉली वळतच नव्हती, नुसता ट्रॅक्टर आत जात होता. फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला तर म्हणाला ट्रॉली बाहेर सोडायची. बरं.

दुसरं, काठीला मिसेसची जुनी ओढणी बांधून रोवलीय, वारा बघायला. गावातले लोक विचारतात हे काय बुजगावणं. वडील म्हणाले ओढणी कशाला, पावसाळ्यात मावळतीचा अन् थंडीत पहाटं उगवतीचा गार, हे मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. खरंय. मग त्यांनीच जागा दाखवली, गोठा आग्नेयेला उताराच्या खालच्या अंगाला, घर वरच्या अंगाला, मधे सत्तर फूट, त्यात चिंचेचं झाड आहे ते तसंच ठेवायचं. शेणखड्डा बोअरपासून पार दुसऱ्या टोकाला.

तिसरं, अन् हे अवघड होतं. मिसेसचं म्हणणं मी वडलांना सांगितलं नाही, आईनं सांगितलं. काय सांगितलं माहीत नाही, मी वैरण टाकायला गेलो होतो. परत आलो तर वडील म्हणाले मला गोठ्याच्या कडेला एक खोली काढून दे, दहा बाय बारा, खिडकी गाईकडं, मी तिथं झोपेन, तुम्ही तिकडं झोपा. आई म्हणाली मी काय तिथं येणार नाही, पन्नास वर्षं झोपले गाईबरोबर, आता पोरांबरोबर झोपणार. वडील हसले. खोली डॉक्टरांनी सांगितलेल्या वासरांच्या खोलीला लागून, मधली भिंत एक, तेवढंच आमचं एकत्र.

पैशाचं असंय की सगळं एकदम होत नाही. गोठा, वासरांची खोली अन् वडलांची खोली आधी, ते अनुदान अन् कांद्याच्या पैशात बसवतोय. घर कमी करून आठशे फूट केलंय, ते पुढच्या वर्षी, तोवर गावातनं ये-जा चालू. म्हणजे साडेचार लाख वाचले नाहीत, नुसते पुढं ढकललेत, हे मला कळतंय.

कांद्याची चाळ शेडला चिकटवायचा बेत सोडला. चाळीला खालनं-कडेनं हवा पाहिजे, चार फुटाच्या वर रुंद नाही, अन् सडलेल्या कांद्याचा वास शेणापेक्षा वाईट, ते सगळे विसरलेच होते. ती बांधावर.

@ऑस्टिनकर, तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला आमचा नमस्कार सांगा.

@पत्रा_आणि_पर्लिन भाऊ, ते पेडेस्टल फरशीच्या वर किती काढायचं? उद्या खड्डे मारतोय.


पत्रा_आणि_पर्लिन
दीड ते दोन फूट. मूत वाहून जायच्या नालीच्या बाजूला दोन फूटच घ्या, तिथं पाणी-मूत जास्त. अन् ड्रॉइंगवर लिहून सही घ्या, तोंडी सांगितलेलं पेडेस्टल काँक्रीट ओतायच्या दिवशी सहा इंचाचं होतं.


सोप्यावरची_सून
आणि मोरीचा उतार घराच्या उलट्या बाजूला. ते पण लिहून घ्या.